लाल मासा

बहिरमच्या जत्रेत, रोडग्यांच्या धुरापलीकडे,
हनीफ नावाचा एक जण
विकायचा लाल पन्नीचे मासे.
पाच रुपयांत एक मासा, वर छापील पुडी:
डोकं उचललं तर हट्टी,
शेपूट उचललं तर मायाळू,
गुंडाळी झाली तर नशीबवान,
आणि नुसताच पडून राहिला
तर थंड रक्ताचा माणूस.

माझ्या तळव्यावर मासा टेकताच वळवळला.
आईच्या तळव्यावर
पडून राहिला.
लोक हसले. हनीफही हसला.
आई म्हणाली, "मेलेला मासा देल्ला बाप्पा यानं मले,"
आणि तोच हात पदराला पुसून
रोडग्याचे पैसे मोजू लागली.

माझी आई, पंचफुला, अंबाडीचे दोर वळायची.
सोललेली अंबाडी, कुजल्या पाण्याचा वास,
मांडीवर पीळ, तळव्यावर पीळ.
तिचे हात म्हणजे
कोळशाच्या इस्त्रीचा बूड.
त्यातून घाम यायचा कुठून?

हे मला कळलं वीस वर्षांनी,
चांदूरच्या कॉलेजात, प्रयोगशाळेत,
काचेच्या पेटीतल्या तराजूसमोर.
ती पन्नी नव्हतीच.
पन्नीला पाण्याचं काही देणंघेणं नसतं,
थेंब पडला की घरंगळून जातो.
मासा होता सेलोफेनचा. म्हणजे लाकडाचा लगदा,
म्हणजे सेल्युलोज,
म्हणजे अंबाडीचीच लांबची बहीण.
तिच्या लांबलचक साखळीला जागोजागी हात,
एका टोकाला किंचित धन, दुसऱ्याला किंचित ऋण,
आणि पाणीही तसंच, दुटप्पी.
हवेतनं जाताजाता ते त्या हातांना धरतं.

पोटाकडून पितो मासा, तिकडून फुगतो,
पाठ अजून कोरडीच,
म्हणून वाकतो.
बस. एवढंच नशीब.

मी पट्ट्या कापल्या, मिठाच्या बरण्यांवर टांगल्या,
तासातासाला वजन घेतलं.
पहिलं पाणी घट्ट बसतं, सोडता सुटत नाही.
मग येतं ते सैल, पाण्याला पाणी धरून,
आणि पट्टी मऊ पडते,
साखळ्या एकमेकींपासून जरा सरकून बसतात,
लग्नघरात पाहुण्यांना जागा करून द्यावी तशा.
बाहेर मे महिना, कूलर घोरतोय,
गवताच्या जाळीला टाकीतल्या पाण्याचा वास.
आलेख चढताना एका वाटेनं चढला
आणि उतरताना दुसऱ्या.
हवा तीच, ओल तेवढीच,
तरी उतरताना वजन थोडं जास्त.
मी तीनदा केलं. काटा तपासला. पंखा बंद केला.
पट्टी काहीतरी ठेवून घेत होती.

घरी सांगितलं तर आई म्हणाली,
"त्यात काय नवं?
बाज पावसाळ्यात ताणते, उन्हाळ्यात झोल पडते.
पण एकदा पाणी पेलेला दोर
कोऱ्या दोरावानी कधी होते का?"

मी वही मिटली.

मग गावात प्लास्टिकचे दोर आले,
निळे, पिवळे, आठवडी बाजारात किलोनं.
ते ना ताणत, ना झोल देत,
त्यांना श्रावण माहीत नाही आणि वैशाख माहीत नाही.
अंबाडी पेरायचं लोकांनी सोडलं,
उरली ती भाजीपुरती, बांधावर.
आईचे हात रिकामे झाले.
एका हिवाळ्यात सालं निघाली तळव्यांची,
खाली गुलाबी कातडी, लहान मुलासारखी,
आणि ती ती लपवायची.

परवा बहिरमहून मासा आणला.
हनीफ नाही आता, त्याचा पोरगा बसतो.
पुडीवर तेच, फक्त छपाई पुसट.
मी काही न बोलता ठेवला तिच्या तळव्यावर.
मासा क्षणभर थांबला,
मग शेपूट उचललं, मग डोकं,
मग पुरता वळून करंगळीशी जाऊन पडला.

आईनं बराच वेळ पाहिलं.
"पाह्य," म्हणाली,
"आता हाताले काम नाही राह्यलं, तं मेला हालते."

मी मासा उचलून फळीवर ठेवला, चहा मांडला.
तो उलगडत गेला हळूहळू,
पुरता सपाट मात्र झाला नाही.